परश्याच्या पायातलं जाळं

आमचा परश्या थांबला तेव्हा मी साबण मोजत होतो.

थांबण्याआधी तो शहारला. पाठीकडून, पार खालून, फरशीवरून लोखंडी कपाट ओढावं तसा आवाज आला, साबणाची एक पेटी माझ्या पायावर पडली आणि दोन इंजिनांपैकी एकाचा सूर गळून गेला. मी अंगठा चोळत उभा राहिलो. जहाजावर अचानक शांतता झाली की खलाशाच्या मनात पहिला विचार येतो तो ‘आपल्यामुळे तर नाही ना झालं’ हा. साबणामुळे जहाज बंद पडत नाही, अशी स्वतःची खात्री करून घेऊन मी पुन्हा खाली बसलो.

परश्या म्हणजे आयएनएस परशु. गायडेड मिसाईल फ्रिगेट. हे लांबलचक नाव पाहुण्यांसमोर घ्यायचं; आमच्या आमच्यात तो परश्या. तोवर त्याची दहा-बारा वर्षं सेवा झाली होती. तेवढ्या काळात त्याने एका वादळानंतर बेटांवर तांदूळ नेऊन टाकले होते, दोन-तीन राष्ट्राध्यक्षांना तोफांची सलामी दिली होती आणि परदेशी मैत्रीभेटीला गेलेला असताना तिथल्या धक्क्याला असा काही ठोकला होता की मैत्री महिनाभर गार पडली होती. शत्रू मात्र एकदाही भेटला नव्हता. अंगावर एवढी मिसाईलं बाळगून आयुष्यभर सलाम ठोकत फिरायचं, हे त्याच्याही जिवावर येत असेल.

म्हणून त्या दिवशीचं महत्त्व. देवगडच्या पश्चिमेला, किनारा दिसणार नाही इतक्या लांब, परश्या मिसाईल सोडणार होता. निशाणा म्हणून एक जुनी तराफ्यासारखी बोट दूरवर नेऊन ठेवली होती. शेजारच्या मोठ्या जहाजावर अॅडमिरल होते आणि त्यांच्याबरोबर दुर्बिणी लावून बसलेले पाहुणे. आमच्याकडे आठवडाभर फक्त रंगकाम चाललं होतं. मी त्यासाठी ब्रश वाटले. मी स्टोअरमध्ये होतो. साबण, बल्ब, दोरखंड, झाडू, संडासाचे कागद, सगळं माझ्याकडून सुटायचं.

तेवढ्यात कर्ण्यावरून आवाज आला, ‘मालवणी बोलणारा कोणी असेल तर त्याने ताबडतोब पाठच्या डेकवर यावं.’

जहाजावर मराठी माणसं आम्ही दोघंच. दुसरा नागपूरकडचा वानखडे. तो मला जिन्यातच भेटला, वरून खाली येणारा.

‘काय झालं रे?’

‘जहाजाच्या पाण्यातल्या पंख्यात जाळं अडकलं. मच्छीमाराला वर आणलाय. मी म्हटलं, काय भाऊ, कसं झालं हे? तर त्याने जे उत्तर दिलं ना…’ वानखडे थांबला. ‘मोंडकर, ती मराठी नाही. पण शिवी होती एवढं नक्की.’

मी वर गेलो. ऊन डोळ्यात घुसलं म्हणून आधी काही दिसलं नाही. मग दिसलं ते असं: जहाजाच्या कडेला एक निळी मच्छीमारी नाव, तिच्यावर ‘कुणकेश्वर प्रसाद’ असं लिहिलेलं, तीत तोंड वर करून उभे असलेले तीन गडी. डेकवर चार बंदूकवाले. त्यांच्या मध्ये गुडघ्याएवढी चड्डी घातलेला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, उन्हाने काळाभोर झालेला एक माणूस, जणू बंदूकवालेच त्याने पकडून आणलेत अशा थाटात उभा.

त्याने मला पाहिलं आणि त्याच्या तोंडावर हसू पसरलं.

‘अरे, जावयबापू!’

रावजी कोयंडे. देवगडचे रावजी तांडेल, म्हणजे नावेचे कप्तान; घरात सगळे त्यांना तात्या म्हणत. आणखी महिन्याभराने त्यांच्या मुलीशी, नलिनीशी, माझं लग्न होतं. पत्रिका छापून झाल्या होत्या.

कॅप्टन लाहिरी शेजारीच उभे होते. उंच, किडकिडीत बंगाली माणूस. आवाज कधी चढवायचे नाहीत, त्यामुळे सगळे त्यांना घाबरायचे. त्यांच्याशी माझं बोलणं हिंदीत व्हायचं. इथे मी ते मराठीतच सांगतो.

‘तुझ्या ओळखीचा आहे?’

‘सर, हे माझे होणारे सासरे.’

कॅप्टनसाहेबांनी जरा वेळ समुद्राकडे पाहिलं. ‘मोंडकर, एवढ्या अरबी समुद्रात तुला दुसरा सासरा नाही मिळाला?’

‘नाही सर.’ मग मी आवाज आणखी खाली आणला. आता बोललो नाही तर पुढे जास्त फजिती होणार, हे दिसतच होतं. ‘सर, अजून एक आहे. माझ्या मामाने लग्न जुळवताना यांना सांगितलंय, की जहाजावरची मिसाईलं मी सोडतो.’

‘तू तर संडासाचे कागद वाटतोस.’

‘होय सर.’

रावजी तांडेल हात पाठीमागे बांधून क्षितिजाकडे बघत होते. परक्या भाषेत चाललेलं बोलणं कानावरून जाऊ देणाऱ्या माणसाचा असतो तसा त्यांचा चेहरा कोरा होता.

कॅप्टनसाहेबांनी घसा साफ केला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, ‘याला सांग, तू आमच्या जहाजावरचा फार महत्त्वाचा माणूस आहेस. तुझ्याशिवाय इथे कुणाचंच काही सुटत नाही.’

मी ते सांगितलं. तांडेलांनी मान हलवली. बंदूकवाल्यांपैकी एकाला खोकला आला.

‘आता विचार,’ कॅप्टन म्हणाले, ‘या भागात येऊ नका म्हणून चार दिवस रेडिओवर ओरडत होतो. हा इथे काय करत होता?’

मी विचारलं, ‘तात्यानू, हय येव नको म्हणान रेडिओर सांगत होते. ऐकूक नाय काय?’

‘ऐकलंय मा!’ तात्या म्हणाले. ‘चार दिस ऐकतंय. म्हणान तर इलंय. सगळे भियान घराक बसले. आक्खो दर्या माझो एकट्याचो. बांगडो असो लागलो हा, झिला, की जाळा वर येयना.’

‘काय म्हणतोय?’

‘सर, त्यांचा रेडिओ बिघडलाय.’

‘खूप वेळ बोलला.’

‘रेडिओला शिव्या देत होते, सर.’

कॅप्टनसाहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. ‘त्याला सांग, मनाई असलेल्या जागी आल्याबद्दल मी त्याची नाव जप्त करून पोलिसांच्या ताब्यात देऊ शकतो.’

हे मी शक्य तितकं मऊ करून सांगितलं. तरी तात्या भडकले.

‘तेका विचार, दर्या तेच्या बापाशीचो काय? माझ्या जाळ्याचे बोये तांबडेलाल, आंधळ्याकव दिसतले. ह्या तुमच्या लोखंडी म्हशीक डोळे नाय?’

‘सर, ते माफी मागतायत. म्हणतायत, एवढं सुंदर जहाज कधी पाहिलं नव्हतं, बघतच राहिले.’

‘म्हैस असा काहीतरी शब्द आला.’

‘आमच्याकडे म्हैस म्हणजे लक्ष्मी, सर.’

तेवढ्यात पाण्यातून पाणबुड्या वर आला. त्याने तोंडावरचा मुखवटा काढला आणि सांगितलं, की जाळं उजव्या पंख्याच्या दांड्याला गुंडाळलं गेलंय, जाडजूड वळकटी झालीय. वेग कमी होता म्हणून पीळ बसलेला नाही. सुऱ्या घेऊन कापत सुटलो तर तासाभरात मोकळं होईल. न कापता सोडवायचं तर आतून हाताने दांडा उलटा फिरवायचा, थोडा फिरवला की थांबायचं, मग पाणबुड्याने खाली जाऊन तेवढं जाळं ओढून घ्यायचं, तो वर आला की पुन्हा फिरवायचं. संध्याकाळ होईल.

वरून निरोप आला, मोठ्या जहाजावरून विचारणा होतेय. अॅडमिरलना वेळ सांगा.

कॅप्टनसाहेबांच्या मागे लेफ्टनंट कमांडर नायर येऊन उभे राहिले होते. मिसाईलं खरोखर त्यांच्या ताब्यात असायची. ते कॅप्टनच्या कानाशी काही बोलले. कॅप्टननी ओठ आवळले, मग मला म्हणाले, ‘मोंडकर, समजावून सांग. जाळं कापावं लागेल. किनाऱ्यावर आमच्या ऑफिसात अर्ज करू दे, भरपाई मिळेल.’

मी स्टोअरमधला माणूस. एक झाडू मंजूर होऊन यायला काय काय लागतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? तरी मी तात्यांना सांगितलं, जाळं कापणार.

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताठा पहिल्यांदा उतरला. ते खालच्या आवाजात बोलू लागले.

‘कापूक नको म्हणान सांग. ता जाळा माझ्या एकट्याचा नाय, दिगू. अर्धा माझ्या भावाचा. भाव गेलो, आता वैनीचा आणि तेच्या पोरांचा. जुना फाटान गेला म्हणान ह्या पावसात आक्ख्या घरान बसान नवीन बांधला. निम्मे गाठी नलून मारल्यान. बोटा सोलवटली तिची.’

मी नलिनीला तोवर एकदाच पाहिली होती. पोह्यांची बशी पुढे करताना तिच्या दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. सदामामा तेव्हा माझ्या कानाशी म्हणाला होता, ‘स्वयंपाकाची आवड दिसते मुलीला, भाजलंय.’ मी पण तसंच समजलो होतो. मुलगी माझ्याकडे बघत नव्हती आणि मी तिच्या चिंध्यांकडे बघत पोहे खाल्ले होते.

‘काय म्हणतो?’ कॅप्टननी विचारलं.

खरं ते सांगितलं असतं तर कॅप्टनना वाईट वाटलं असतं. वाईट वाटून त्यांनी जाळं कापलं असतं. नौदलात असंच असतं; वाईट वाटणं हे काही कारण नाही. कारण म्हणून अॅडमिरलना सांगता येईल असं काहीतरी हवं होतं. ते काय असावं याचा विचार करायच्या आधीच माझं तोंड सुरू झालं.

‘सर, ते म्हणतायत, जाळ्याला सुरी लावलीत तर मी इथून उडी टाकीन आणि त्या पंख्याला मिठी मारून बसेन. मग माझ्यासकट कापा.’

कॅप्टनच्या भुवया वर गेल्या. ‘हे एवढ्या हळू आवाजात म्हणाला?’

‘आमच्याकडे खरंच मरायचं असलं की माणूस हळूच बोलतो, सर.’

नायर म्हणाले, ‘धमकी आहे नुसती.’

मी काही बोलणार एवढ्यात तात्यांनी डोक्याचा टॉवेल सोडला. झटकला. चार घड्या घातल्या आणि माझ्या हातात दिला.

‘नलूक दी,’ म्हणाले आणि कठड्यावर पाय टाकला.

एकदम गोंधळ उडाला. चार बंदूकवाले बंदुका सावरत धावले. तात्या दिसायला काटकुळे, पण जन्मभर जाळी ओढलेला माणूस; एकाला कोपर लागलं, दुसऱ्याची टोपी पाण्यात गेली. खाली नावेतले तिघे बोंबलायला लागले. मी टॉवेल छातीशी धरून ओरडत होतो, ‘तात्यानू, नको! तात्यानू!’ आणि मनातल्या मनात म्हणत होतो, अरे, मी थाप मारली होती, हा माणूस खरंच मरायला निघाला!

त्या सगळ्या आरड्याओरड्यात कॅप्टन लाहिरी नेहमीच्या आवाजात म्हणाले, ‘ठीक आहे. जाळं कापत नाही. मोंडकर, त्याला सांग आणि खाली उतरव.’

मी सांगायला तोंड उघडलं. पण तात्यांनी पाय आधीच खाली घेतला होता.

कॅप्टननी ते पाहिलं. त्यांनी तात्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा तात्यांकडे. ते वळले आणि वर निघून गेले. थोड्या वेळाने कळलं, त्यांनी मोठ्या जहाजाला निरोप धाडला होता, की पंख्यात जाळं आहे, जीविताला धोका आहे, आज मिसाईल सोडता येत नाही. त्यावर अॅडमिरल काय म्हणाले ते रेडिओवाल्याने आम्हाला कधीच सांगितलं नाही. पण दोन दिवस तो एकटाच हसायचा.

काम सुरू झालं. आत इंजिनातले लोक दांडा उलटा फिरवत, पाणबुडे खाली जात, वर येत. तात्या डेकवर दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून चहा पीत होते. मी शेजारी बसलो.

‘तात्यानू,’ मी म्हटलं, ‘तुमका हिंदी येता?’

‘धा-बारा वर्सा वेरावळाक होतंय. गुजराती पण येता.’

‘म्हणजे मघापासून…’

‘ऐकत होतंय.’

मी चहाच्या पेल्यात बघत राहिलो. रेडिओ, माफी, सुंदर जहाज, लक्ष्मी. सगळं एकेक करून डोळ्यांपुढून गेलं. शेवटी संडासाचे कागद आले.

‘मग आधी बोललास कित्याक नाय? म्हणजे, बोललात.’

‘माका पकडून हाडल्यानी. मी कित्याक तेंच्या भाषेत बोलू? आणि जावई काय बोलता ता ऐकूक गावत होता.’ त्यांनी चहाचा घोट घेतला. ‘बरो बोललंस. त्या म्हशीचा सोडून. लक्ष्मी खयची रे मेल्या?’

‘मिसाईलचा सदामामान सांगितल्यान. मी नाय.’

‘म्हायत आसा. तुझो मामा बोलता तेतूर अर्धा पाणी.’ खाली पाणबुड्या वर आला होता आणि खूण करत होता. तात्यांनी मान लांब करून पाहिलं, तांबडे बोये एकेक करून सुटून पाण्यावर येत होते. मग ते माझ्याकडे वळले. ‘मिसाईल सोडणारो जावई घेवन मी काय करू? घरात कोणार सोडतलो? तुझ्याकडे नायलॉनची दोरी असतली मा?’

‘आसा.’

‘जाड?’

‘सगळ्या जाडीची.’

‘मग बरा आसा,’ तात्या म्हणाले आणि पेला माझ्या हातात दिला. ‘आणखी चाय हाड.’

ऊन कलल्यावर जाळं मोकळं झालं. दोन-तीन ठिकाणी हातभर फाटलं होतं, बाकी शाबूत. तात्यांनी ते नावेत ओढून घेताना इंच न् इंच बोटांखालून जाऊ दिलं. त्यातला बांगडा अजून फडफडत होता. दोन टोपल्या भरून त्यांनी वर पाठवल्या. पंजाबी स्वयंपाक्याला बांगड्याचं काय करायचं ते माहीत नव्हतं, म्हणून त्या संध्याकाळी परश्याच्या भटारखान्यात मी मसाल्याचं तिरफळ शोधत फिरत होतो. मिळालं नाही. तरी कुणी तक्रार केली नाही. कॅप्टननी दोनदा मागवून घेतला.

निघण्याआधी तात्या शिडीच्या तोंडाशी थांबले. कॅप्टन लाहिरी तिथे आले होते. दोघे एकमेकांकडे बघत होते; तात्यांना हिंदी कळतं हे कॅप्टनना माहीत; कॅप्टनना ते माहीत आहे हे तात्यांना माहीत. तरी मधे मी.

‘सांग तेका,’ तात्या म्हणाले, ‘माणूस बरो आसा. लग्नाक ये म्हणान सांग.’

‘सर, ते लग्नाला बोलावतायत.’

‘हे बरोबर सांगितलंस की तुझं काहीतरी?’

‘बरोबर, सर.’

दुसऱ्या दिवशी सकाळी परश्याने मिसाईल सोडलं. मी खाली होतो, मला फक्त गडगडाट ऐकू आला आणि फळीवरच्या सगळ्या बल्बांनी किणकिण केलं. निशाणा फुटला. अॅडमिरल खूश झाले, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्याच संध्याकाळी जाळ्याची गोष्ट सगळ्या ताफ्यात पसरली. एका गरीब मच्छीमाराचं जाळं वाचावं म्हणून ज्याने अॅडमिरलना दिवसभर थांबवून ठेवलं तो कॅप्टन! लाहिरीसाहेबांचं नाव झालं. पुढे त्यांना बढत्याही मिळत गेल्या, ते स्वतः अॅडमिरल झाले. लग्नाला त्यांना येता आलं नाही. चांदीची एक पणती पाठवली. नलिनीने ती पाहिली, मग माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं आणि विचारलं, ‘माझ्या जाळ्यापायी तुमचं जहाज अडलं, खरं?’

‘खरं.’

‘बापूस म्हणतो, तुम्ही खूप खोटं बोललात.’

‘तेही खरं.’

ती हसली. तिची बोटं तोवर बरी झाली होती.

मी पुरी नोकरी करून बाहेर पडलो. मालवणात दुकान टाकलं, दोरखंड, बोये, रंग, ब्रश. एवढीच विद्या येत होती. परश्या माझ्या नंतरही चालत राहिला. आणखी वादळं, आणखी तांदूळ, आणखी सलामी. एकदा परमुलुखात युद्ध पेटलं तेव्हा आपली शेकडो माणसं त्याने डेकवर झोपवून परत आणली. शेवटी म्हातारा झाला आणि त्याला निवृत्त करायचं ठरलं. जुन्या खलाशांना बोलावणं आलं. मुंबईच्या गोदीत, मांडवाखाली, एका तरुण अधिकाऱ्याने परश्याची सारी सेवा वाचून दाखवली. धक्क्याला ठोकल्याचं त्यात नव्हतं. जाळ्याचं होतं, ‘मानवतेचं उदाहरण’ म्हणून. टाळ्या पडल्या.

चहाच्या वेळी मी लाहिरीसाहेबांना गाठलं. केस पांढरे झाले होते, आवाज तोच.

‘सर, मोंडकर. स्टोअर.’

‘मिसाईलवाला!’ ते म्हणाले. ‘सासरे कसे आहेत?’

‘ठणठणीत. सर, एक सांगायचं होतं. तुम्ही त्या दिवशी जाळं कापलं नाहीत. आमचं घर ते कधी विसरलं नाही.’

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. मग माझा दंड धरून मला मांडवाच्या खांबापाशी नेलं.

‘मोंडकर, तू आता नोकरीत नाहीस. मीही नाही. त्या दिवशी मिसाईल सुटणारच नव्हतं.’

‘म्हणजे?’

‘सकाळपासून नायरच्या यंत्रावर एक लाल दिवा लागत होता. कधी लागे, कधी विझे. कुठे बिघाड आहे ते सापडेना. अॅडमिरल दुर्बीण लावून बसलेले, शेजारी पाहुणे. त्यांना काय सांगू, की आमचं मिसाईल रुसलंय? नायर डेकवर माझ्या कानात तेच सांगायला आला होता, की अजून चार-पाच तास लागतील. मी देवाची करुणा भाकत होतो. आणि तुझा सासरा कठड्यावर चढला.’ ते हसायला लागले. ‘मला त्याचे पाय धरावेसे वाटले. दिवसभरात नायरला बिघाड सापडला. एका जोडणीत मीठ साचलं होतं. बस.’

‘पण सर, तुम्ही तर आधी म्हणालात, जाळं कापा.’

‘म्हणावं लागतं. मी लगेच नको म्हटलं असतं तर नायरखेरीज सगळ्यांना संशय आला असता. तू काहीतरी करशील असं वाटलं होतं. तू चांगला खोटं बोलत होतास.’

इतकी वर्षं देव्हाऱ्यात पणती लावत होतो ती या माणसाची.

घरी येऊन हे मी तात्यांना सांगितलं. तेव्हा ते आमच्याकडेच राहायला होते. नजर मंदावली होती, कान शाबूत. मला वाटलं, चिडतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘म्हणजे तोव खोटारडो?’

‘होय.’

‘आणि तू तेका तसोच सोडून इलंस? जेवक बोलावक नाय?’

त्या थंडीत लाहिरीसाहेब आले, एकटेच. नलिनीने सुरमई केली, तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, एकशिपी केली, सोलकढी केली. साहेब बंगाली, मासे कसे खायचे ते त्यांना सांगावं लागलं नाही. तात्या त्यांच्या शेजारी पाटावर बसले आणि तडक हिंदीत सुरू झाले, वेरावळची, रोखठोक हिंदी. मला कुणी काही विचारलंच नाही. दोघे लाल दिव्याबद्दल बोलले, बांगड्याबद्दल बोलले, खोटं बोलताना चेहरा कसा ठेवावा याबद्दल बोलले आणि एकमेकांच्या मांडीवर थापा मारून हसले. नलिनी वाढता वाढता दारात थांबून ऐकत होती.

हात धुऊन झाल्यावर तात्यांनी विचारलं, परश्याचं आता काय करणार?

साहेब म्हणाले, बुडवणार. निशाणा म्हणून समुद्रात नेऊन ठेवणार, नवी जहाजं त्याच्यावर मिसाईलं सोडणार. फ्रिगेटचा शेवट बरेचदा असाच होतो.

आपण जिथे तरुणपण घालवलं, ते जहाज तळाला जाणार.

तात्या पुढे सरकले.

‘कहां डुबाओगे?’

‘ते सांगता येत नाही, तांडेल. गुप्त असतं.’

‘सांगू नका. पण मोडकं लोखंड तळाला गेलं की वर्ष-दोन वर्षांत त्याच्यात मासा घर करतो, हे तुम्हाला माहीत आहे ना?’

‘माहीत आहे.’

‘एवढं मोठं जहाज. केवढी तांबोशी धरेल!’ तात्यांनी मिचमिच्या डोळ्यांनी माझ्या मुलाकडे पाहिलं. त्याने त्याच वर्षी स्वतःची नाव घेतली होती. मग आवाज आणखी खाली आणून ते म्हणाले, ‘जागा नका सांगू. पाणी किती खोल, तेवढं सांगा.’

लाहिरीसाहेबांनी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. नंतर गंभीर चेहऱ्याने सोलकढीचा पेला उचलला आणि दुसरा हात मांडीखाली नेऊन तात्यांपुढे तीन बोटं केली, मूठ मिटली, पुन्हा पाच केली.

‘पस्तीस वाव?’ तात्यांनी खोलीच्या कोळ्यांच्या मापात विचारलं.

साहेबांनी मान डोलावली आणि सोलकढी प्यायले.